वीस वर्षांचा मेल्टर आणि बत्तीस हजारांचा नवा इंजिनिअर: कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतलं प्रकरण

हे प्रकरण 2023 सालचं आहे. फाउंड्रीची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही आकडे गोल केले आहेत.

पार्श्वभूमी

शिरोली परिसरातली ग्रे आयर्न फाउंड्री, म्हणजे राखाडी ओतीव लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना, मालकांची दुसरी पिढी. विजेवर धातू वितळवणाऱ्या पाचशे किलोच्या दोन इंडक्शन भट्ट्या आणि त्यांना वीज देणारं एकच पॅनल, म्हणजे एका वेळी एकच भट्टी पूर्ण पॉवरवर. महिन्याला साधारण 120 टन चांगलं कास्टिंग. बहुतेक माल एफजी 260 ग्रेडचा (260 हा लोखंडाच्या ताकदीचा आकडा): पंपाच्या बॉड्या, गिअरबॉक्सची झाकणं, ट्रॅक्टरचे ब्रॅकेट. काही जॉबची भिंत जेमतेम पाच-सहा मिलिमीटर, आणि पुढची सगळी कथा या पातळ भिंतींभोवतीच फिरते. कारखान्याच्या हजेरीपटावर 62 जण, शिवाय कंत्राटदाराकडून 22.

भट्टी ज्याच्या हाताखाली होती त्याला सगळे मामा म्हणत. नोव्हेंबर 2003 मध्ये हेल्पर म्हणून आला. पाच वर्षं लाडल (वितळलेला धातू न्यायचं भांडं) धरला, मग भट्टीवर चढला, 2014 पासून मेल्टिंगचा प्रमुख. शिक्षण आठवीपर्यंत. 2023 च्या सुरुवातीला एकूण पगार 26,000, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,500, बाकी वेगवेगळे भत्ते.

एक गोष्ट पगारपत्रकात कुठंच नव्हती. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला, तेव्हा मामा आणि एक इलेक्ट्रिशियन कारखान्यातच अडकले नव्हे, मुद्दाम थांबले. भट्टीचं लायनिंग, म्हणजे आतला उष्णता झेलणारा थर, ओल चढलेली असताना घाईनं तापवलं तर वाफेनं तडकतं. म्हणून पाणी ओसरल्यावर मामांनी दोन्ही भट्ट्या हळूहळू तापवून वाळवल्या आणि मगच पहिली हिट, म्हणजे वितळवलेल्या धातूचा पहिला घाणा, घेतली. हजेरीपटावर त्या दिवसांची नोंद नेहमीच्या पाळीसारखी आहे. मालकांना हे सगळं माहीत होतं, चारचौघांत ते कौतुकानं सांगतही. पगाराच्या आकड्यावर त्याचा परिणाम शून्य.

अडचण कुठं सुरू झाली

फेब्रुवारी 2023 मध्ये एका मोठ्या ग्राहकाचं ऑडिट झालं. मेल्टिंगला पात्रताधारक माणूस हवा, नोंदी व्यवस्थित हव्यात, असा शेरा आला. शेरा रास्तच होता. मालकांनी मेटलर्जीचा डिप्लोमा आणि तीन वर्षांचा अनुभव असलेला तरुण 32,000 वर घेतला. बाजारात तोच भाव होता, त्याच्याखाली कुणी मिळत नव्हतं. त्याला काम शिकवण्याची जबाबदारी मामांवर टाकली.

नव्या माणसाला बाजारभाव आणि जुन्याला दरवर्षीची पाच-सहा टक्के वाढ, असं दहा-पंधरा वर्षं चाललं की हा उलटा जिना तयार होतोच. त्यात कुणाचा दुष्टपणा नसतो. पण लघुउद्योगांत यामागं आणखी एक कारण असतं, ज्याबद्दल कुणी उघड बोलत नाही: ग्रॅच्युइटी. नोकरी सोडताना मिळणारी ही ठोक रक्कम शेवटच्या मूळ पगारावर (महागाई भत्ता धरून) मागच्या सगळ्या वर्षांची मोजली जाते: दर वर्षामागं पंधरा दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. वीस वर्षं झालेल्या माणसाचा मूळ पगार 5,000 नं वाढवला तर ग्रॅच्युइटीचा बोजा एका रात्रीत 5,000 × 15/26 × 20, म्हणजे 57,692 रुपयांनी वाढतो. तेच 5,000 काल लागलेल्या पोराला वाढवले तर बोजा जवळपास नाही. म्हणजे माणूस जितका जुना, तितकी त्याची पगारवाढ महाग, आणि तितका हात आखडता. या कारखान्यातही लेखापालांनी वर्षानुवर्षं हेच केलं होतं: जुन्यांची वाढ भत्त्यांत टाकायची, मूळ पगार दाबून ठेवायचा.

नव्या इंजिनिअरचा पगार मामांना कसा कळला? ऑफिसातल्या प्रिंटरवर त्याची पगारस्लिप राहिली होती. डिझेलच्या पावत्या द्यायला गेलेल्या स्टोअरच्या पोरानं ती पाहिली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत अख्ख्या शॉपला आकडा ठाऊक. पगार गुप्त राहतील या भरवशावर रचलेली कुठलीही व्यवस्था अशाच एखाद्या प्रिंटरपाशी येऊन थांबते.

मामा काही बोलले नाहीत. नव्या मुलाला शिकवत राहिले.

एप्रिलमध्ये त्यांनी दीड लाखाची उचल मागितली. घराचा स्लॅब पावसाळ्याआधी टाकायचा होता. कारखान्याचा नियम 50,000 पर्यंतचा. मालक म्हणाले, मार्चअखेरचं देणंघेणं आत्ताच उरकलंय, दिवाळीत बघू. विषय दोन मिनिटांत संपला.

आज मागं वळून पाहिलं तर कलाटणीची पहिली जागा हीच. वीस वर्षांत मामांनी दोनदाच उचल घेतली होती आणि दोन्ही वेळा वेळेआधी फेडली होती. दीड लाख ही त्यांच्या त्या वेळच्या ग्रॅच्युइटीपेक्षाही कमी रक्कम, म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनं जोखीम नाममात्र. शिवाय पैसे द्यायचे नसतील तरी वाट होती. त्या वेळच्या नियमाप्रमाणे पाच वर्षं सभासदत्व झालेल्याला भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी अग्रिम मिळत होता. लेखापालांनी अर्धा तास बसून अर्ज भरून दिला असता तर स्लॅबची बरीचशी सोय लागली असती. कुणाला सुचलं नाही, कारण ‘नियमात बसत नाही’ म्हटलं की चर्चा संपते, अशी ऑफिसची सवय.

राजीनामा

5 जून 2023. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीनं 36,000 आणि येण्या-जाण्याला गाडी देऊ केली होती. मामांचं गाव हातकणंगले तालुक्यात. म्हणजे सायकलवर दहा मिनिटांत गाठायची नोकरी सोडून रोज पन्नास-साठ किलोमीटरचा फेरा. एवढी गैरसोय पत्करून माणूस निघतो तेव्हा प्रश्न नुसत्या दहा हजारांचा नसतो, हे तिथंच ओळखायला हवं होतं.

मालकांची पहिली प्रतिक्रिया होती, “खाल्ल्या मिठाला जागला नाही.” दुसरी प्रतिक्रिया अर्ध्या तासानं: 38,000 देतो, राहा.

मामांनी एवढंच विचारलं, “ह्येच पैसं चैतात कुठं हुतं, मालक?”

समोर असलेले पर्याय

त्या आठवड्यात चार वाटांवर विचार झाला.

पहिली, रक्कम वाढवत नेणं. 40,000 पर्यंत जायची तयारी होती. पण राजीनाम्यानंतर दिलेली वाढ शॉपमधल्या प्रत्येकाला एकच धडा देते: पगार वाढवून हवा असेल तर राजीनामा टाका. मोल्डिंगचा प्रमुख, पॅटर्न शॉपचा मिस्त्री, फेटलिंगचा (कास्टिंग घासून साफ करण्याचा) मुकादम या तिघांची सेवाही पंधरा वर्षांच्या पुढची आणि पगार तसेच दबलेले. एकाला देऊन तिघांना वगळणं टिकलं नसतं.

दुसरी वाट सल्लागारानं सुचवली: वर्षभर पंचवीस किलोमीटरच्या आत दुसऱ्या फाउंड्रीत काम करणार नाही असं लिहून घ्या, नाहीतर हिशेब अडवा. दोन्ही गोष्टी चुकीच्या. नोकरी सोडल्यावर धंदा-रोजगार करण्यापासून रोखणारा करार भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 खाली रद्दबातल ठरतो. प्रशिक्षणावर खरोखर झालेला खर्च ठरावीक मुदतीपर्यंत वसूल करण्याचा बाँड वेगळा. तो कोर्टात टिकू शकतो, पण वाजवी असेल तर आणि आधी केलेला असेल तर. वीस वर्षं काम करून निघालेल्या माणसाला निघताना लागू करायची ती चीज नव्हे. आणि ग्रॅच्युइटी राजीनामा दिला म्हणून अडवता येत नाही. ती जप्त करता येते ती गैरवर्तनामुळं कामावरून काढलं तर, तेही कायद्यानं मोजक्या ठरवून दिलेल्या कारणांसाठी.

तिसरी वाट, मामांना सन्मानानं जाऊ द्यायचं आणि नोटिशीच्या महिन्यात त्यांच्याकडून काम लिहून घ्यायचं. चौथी, त्यांना आठवड्यातून एक दिवस सल्लागार म्हणून बोलवायचं.

तिसरी वाट कागदावर निवडली गेली. प्रत्यक्षात त्या महिन्यात लिहून घेण्याचं काम झालंच नाही. जूनमध्ये डिस्पॅचचा रेटा होता, नव्या इंजिनिअरला स्पेक्ट्रोच्या (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राच्या) नोंदी आणि ऑडिटच्या फाइली यांतून वेळ नव्हता, आणि मालक रुसले होते. महिनाभर ते भट्टीकडं फिरकले नाहीत. हा रुसवा महागात पडला.

हिशेबातली चूक

5 जुलैला मामा गेले. लेखापालांनी ग्रॅच्युइटी काढली ती अशी: 15,500 चा निम्मा म्हणजे 7,750, गुणिले 19 वर्षं, बरोबर 1,47,250. यात दोन चुका आहेत, आणि दोन्ही जागोजागी सापडतात. पंधरा दिवसांचा पगार काढताना महिना 30 दिवसांचा नव्हे, 26 दिवसांचा धरायचा. आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त सेवा झाली असेल तर ते पूर्ण वर्ष धरायचं. मामांची सेवा 19 वर्षं 8 महिने, म्हणून 20 वर्षं.

15,500 × 15/26 × 20 = 1,78,846.

फरक 31,596 रुपयांचा. मामांच्या भाच्यानं, जो दुसऱ्या कारखान्यात टाइम ऑफिसला आहे, हा फरक दाखवला. लेखापालांनी चूक लगेच मान्य केली, पण दुरुस्त रक्कम द्यायला सप्टेंबर उजाडला. कायद्यानं ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर साधं व्याज, तेव्हा दर वर्षाला 10 टक्के. कामगारानं अर्ज केला नाही तरी रक्कम ठरवून कळवण्याची जबाबदारी मालकाचीच. व्याज कुणी मागितलं नाही, दिलंही नाही.

शॉपमध्ये मात्र याची चर्चा वेगळ्याच सुरात झाली. ‘वीस वर्षं राबून शेवटी बत्तीस हजारांना टोपी घालत होते,’ असं बोललं गेलं. ते खरं नव्हतं, चूक अजाणता झाली होती. पण हिशेब पहिल्याच फटक्यात बरोबर आला असता, तर हे वाक्य जन्मालाच आलं नसतं. ऑगस्टच्या दहा तारखेपर्यंत दोन मोल्डर आणि एक लाडलवाला मामांच्या मागोमाग कागलला गेले.

भट्टीवर काय बिघडलं

जूनपर्यंत रिजेक्शन चार टक्क्यांच्या आसपास असायचं. जुलैमध्ये ते नऊवर गेलं. शिवाय पुढच्या मशीन शॉपकडून फोन सुरू झाले: जॉब हार्ड लागतोय, इन्सर्ट तुटतायत, ड्रिल जळतायत.

नवा इंजिनिअर कामचुकार नव्हता. प्रत्येक हिटचा स्पेक्ट्रो रिपोर्ट बरोबर होता: कार्बन 3.3, सिलिकॉन 2 च्या जवळ, मँगनीज 0.7. मग पातळ भिंती पांढऱ्या का पडत होत्या?

उत्तर जेवणाच्या सुट्टीत दडलेलं होतं. साडेबाराला मोल्डिंग थांबायचं, भट्टीत तीन-चारशे किलो धातू तयार असायचा, तो 1500 अंशाच्या आसपास तसाच धरून ठेवला जायचा आणि एक वाजता थेट ओतला जायचा. असा जास्त तापमानाला रेंगाळलेला लोखंडाचा रस ‘मेलेला’ होतो. ग्रॅफाइट जिथून वाढायला लागतं ती केंद्रं विरून जातात. मग पातळ भागात कार्बन ग्रॅफाइट होण्याऐवजी कार्बाइडमध्ये अडकतो, तो भाग तोडल्यावर पांढरा दिसतो, आणि कास्टिंग काचेसारखं कडक होतं. रासायनिक प्रमाण तेच राहतं, त्यामुळं स्पेक्ट्रोला हे दिसत नाही.

मामा सुट्टीनंतर काय करायचे? धरून ठेवलेल्या धातूत चाळीस-पन्नास किलो पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि रिटर्न (कारखान्यातलाच पुन्हा वितळवायचा माल) टाकायचे, तापमान खाली आणायचे, मग पुन्हा चढवायचे. वेज पीस, म्हणजे पाचरीच्या आकाराचा नमुना ओतून, थंड करून, हातोडीनं तोडून टोकाची पांढरी किनार बघायचे. पांढरं पाच मिलिमीटरच्या पुढं दिसलं की लाडलमधलं इनॉक्युलंट (ग्रॅफाइटची केंद्रं पुन्हा तयार करणारं मिश्रण) वाढवायचे: एरवी अडीचशे किलोच्या लाडलला पाचशे ग्रॅम, तेव्हा साडेसातशे. आणि त्या लाडलमधून पातळ जॉब ओतायचेच नाहीत, जाड बॉड्या ओतायचे. ओतणाऱ्यांना एवढंच सांगायचे, “ह्यो लाडल बॉडीला.” कारण कुणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दुसरी गोष्ट पावसाळ्यातल्या चार्जची, म्हणजे भट्टीत टाकायच्या कच्च्या मालाची. त्या दोन महिन्यांत पिग आयर्न महाग होतं म्हणून खरेदी विभागानं स्टील स्क्रॅपचं प्रमाण वाढवलं होतं. स्टील स्क्रॅप वाढलं की धातूतलं गंधक खाली जातं, आणि ग्रे आयर्नमध्ये गंधक 0.05 टक्क्यांच्या खाली गेलं की इनॉक्युलंट नीट लागत नाही. मामांना गंधकाचा आकडा सांगता आला नसता. पण ‘पत्रा जास्त झाला की वेज पांढरा येतो’ हे त्यांना ठाऊक होतं, आणि खरेदीवाल्याशी ते त्यावरून भांडायचे. आता भांडणारं कुणी नव्हतं.

तिसरा फटका लायनिंगचा. इथं एक लायनिंग अडीचशे ते तीनशे हिट चालायचं. ऑगस्टमधलं 140 व्या हिटला अर्थ-लीकेजचा (लायनिंग झिजून वीज गळत असल्याचा) अलार्म देऊन बसलं. धातू भट्टीभोवतीच्या विजेच्या कॉइलपर्यंत पोचला नाही, भट्टी वेळेत रिकामी केली, म्हणून निभावलं. उघडल्यावर दिसलं की तळ आणि भिंत जिथं मिळतात त्या कोपऱ्यात रॅमिंग (लायनिंगची ठोकणी) सैल होतं. तिथं मामा स्वतः आत उतरून काट्यानं हवा काढायचे.

इथं एक गोष्ट बजावून सांगायला हवी. यातलं काहीही गुपित नव्हतं. प्रत्येक मुद्दा धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सापडतो. कारखान्यानं गमावलं ते ज्ञान नव्हे. हे ज्ञान रोज दुपारी एक वाजता, कुणी न बघता, न सांगता वापरणारा माणूस गमावला. निष्ठेची किंमत करायची तर ती इथं करावी लागते. हार-तुरे आणि वीस वर्षांचं चांदीचं नाणं यांत ती मावत नाही.

रुपयांत

जुलैत नेहमीपेक्षा पाच टक्के जास्त रिजेक्शन, ऑगस्टमध्ये चार, सप्टेंबरमध्ये दोन. 120 टनांवर हे झाले 6, 4.8 आणि 2.4 टन, एकूण 13.2 टन. रिजेक्ट झालेलं कास्टिंग पुन्हा भट्टीत जातं, त्यामुळं लोखंड वाया जात नाही; वाया जाते ती वीज, वाळू, मजुरी, मिश्रधातू. कारखान्याच्या हिशेबानं किलोमागं 35 रुपये. म्हणजे 4,62,000. मशीन शॉपनं नुकसानीपोटी कापलेली रक्कम (डेबिट नोट) 1,35,000. एकूण 5,97,000, आणि लायनिंगमुळं गेलेला दीड दिवस वेगळा.

फेब्रुवारीतच मामांना इंजिनिअरपेक्षा दोन हजार जास्त, म्हणजे 34,000 केले असते तर खर्च वर्षाला 96,000. त्यातले 5,000 मूळ पगारात टाकले असते तर ग्रॅच्युइटीचा वाढीव बोजा 57,692. दोन्ही मिळून दीड लाखाच्या थोडं पुढं. मामांनी उचल मागितली होती तीही दीड लाखाचीच, आणि ती तर परत येणार होती.

काय केलं

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मालक स्वतः मामांच्या घरी गेले, ग्रॅच्युइटीचा उरलेला चेक घेऊन. परत या असं म्हटलं नाही, हे बरं केलं. भट्टीवर काय चुकतंय ते विचारलं. मामांनी दोन रविवार येऊन दाखवायचं कबूल केलं, आपल्या नव्या मालकांना सांगून. दिवसाला 3,000 रुपये ठरले, त्याच संध्याकाळी दिले. त्या दोन रविवारांत लायनिंग ठोकण्याचं व्हिडिओ चित्रण झालं आणि इंजिनिअरनं भट्टीशेजारी लावायचा एक पानी तक्ता लिहिला: धातू वीस मिनिटांपेक्षा जास्त धरला तर काय टाकायचं, वेजची पांढरी किनार किती असेल तर कुठले जॉब ओतायचे, इनॉक्युलंट किती, लाडल भरल्यापासून किती मिनिटांत रिकामा झाला पाहिजे. तक्त्याची भाषा मामांची ठेवली. ‘मेलेला धातू’ हाच शब्द त्यावर आहे.

पगाराचं काम त्याहून अवघड होतं. 62 जणांची यादी केली. प्रत्येकापुढं दोन आकडे: आजचा पगार, आणि उद्या हा गेला तर त्या जागी तेवढंच काम येणारा माणूस कितीला मिळेल. दुसरा आकडा अंदाजानं लिहिला नाही. तीन ठेकेदारांना आणि दोन ओळखीच्या कारखान्यांना विचारून लिहिला. अकरा जण असे निघाले की त्यांचा पगार त्यांच्या बदल्यातल्या माणसापेक्षा कमी. अकराही जणांची सेवा आठ वर्षांपेक्षा जास्त. नव्यांपैकी एकही नाही.

तफावत महिन्याला 41,000, वर्षाला 4,92,000. एकदम देणं झेपत नव्हतं, म्हणून निम्मी ऑक्टोबर 2023 पासून, निम्मी एप्रिल 2024 पासून. प्रत्येकाला वेगळं बोलावून दोन्ही टप्प्यांची तारीख लेखी दिली. तोंडी सांगितलेली दुसऱ्या टप्प्याची वाढ कामगार धरतच नाही, आणि त्यात त्याची चूक नसते.

यादीत एक वाद झाला. स्टोअरमधल्या एकाची सेवा 21 वर्षांची, सगळ्यांत जास्त. पण त्याच्या जागी नवा माणूस कमी पगारात मिळाला असता. मालकांच्या वडिलांचं म्हणणं, त्यालाही द्या, जुना आहे. मालकांनी दिलं नाही. हा निर्णय कटू आहे, पण बरोबर वाटतो. टिकून राहणं आणि कामाला धरून राहणं या दोन गोष्टी आहेत. नुसत्या वर्षांना पैसे दिले की ज्याला कुठंच नोकरी मिळत नाही तो सगळ्यांत निष्ठावान ठरतो. त्याच्यासाठी सेवेप्रमाणे रजा वाढवली. तो नाराज आहे, आणि अजून तिथंच आहे.

उचलीचा नियमही बदलला. मर्यादा आता ठोक 50,000 नाही. दहा वर्षांपुढच्या माणसाला त्याच्या साठलेल्या ग्रॅच्युइटीच्या निम्म्यापर्यंत, चोवीस हप्त्यांत. ग्रॅच्युइटीतून ती परस्पर कापता येत नाही, म्हणून परतफेड पगारातूनच आणि लेखी संमतीनं. ग्रॅच्युइटीचा आकडा इथं फक्त मापापुरता.

निष्पत्ती

रिजेक्शन डिसेंबर 2023 मध्ये साडेचार टक्क्यांवर आलं. चारच्या खाली ते त्यानंतरही बराच काळ गेलं नाही. गेलेल्या दोन मोल्डरांपैकी एक जानेवारीत परतला. कागलला पाळ्या जमल्या नाहीत असं कारण त्यानं दिलं. मामा आले नाहीत. यादीतल्या अकरापैकी दहा जण दोन वर्षांनंतरही कामावर होते. नवा इंजिनिअर चौदा महिन्यांनी पुण्याला गेला, पण तक्ता भट्टीशेजारी राहिला आणि त्याच्या जागी आलेल्या मुलीनं त्यात गंधकाचा रकाना वाढवला.

कुठं वेगळं वागता आलं असतं

फेब्रुवारीत नव्या माणसाचा पगार ठरला त्याच दिवशी त्याच्या वरच्या माणसाचा पगार काढून बघायला हवा होता. यासाठी सल्लागार लागत नाही. नेमणुकीच्या कागदावर एक रकाना पुरतो: ‘याला शिकवणार कोण, आणि त्याचा पगार किती?’

एप्रिलमध्ये उचलीचा अर्ज नाकारण्याआधी निदान एक दिवस ठेवून घ्यायला हवा होता. क्वचित मागणारा माणूस मागतो तेव्हा ती मागणी वेगळ्या नजरेनं बघावी लागते, आणि क्वचित मागणाऱ्यांची नावं उचलीच्या वहीत आपोआप दिसत नाहीत, कारण त्यांचं पान कोरं असतं.

जूनमधली 38,000 ची देवघेव टाळता आली असती. त्या जागी आधी ‘काय झालं’ हे विचारलं असतं तर मामा राहिले असते का? सांगता येत नाही. मात्र नोटिशीचा महिना वाया गेला नसता.

आणि मूळ पगार दाबून ठेवण्याची युक्ती आता तशीही चालणार नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली. तिच्यात वेतनाच्या व्याख्येतून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. 15/26 चं सूत्र तेच आहे. मूळ आणि महागाई भत्ता मिळून 15,500 आणि बाकीचे भत्ते 10,500 ही मामांची रचना या कसोटीला उतरते. पण याच कारखान्यात असे चौघे आहेत ज्यांचे भत्ते साठ टक्क्यांच्या घरात आहेत. त्यांचा हिशेब नव्यानं मांडायचं काम सुरू आहे.

कंत्राटातले 22 जण त्या यादीत कधीच नव्हते. त्यांतला एक, दुसऱ्या पाळीला लाडल धरणारा, नऊ वर्षं तिथंच आहे. या काळात कंत्राटदार तीनदा बदलला. त्याची नऊ वर्षं कुणाच्या वहीत मोजायची, हा प्रश्न लेखापालांच्या टेबलावर अजून आलेला नाही.